थर मोजायचे राहिले

शहाद्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की मी छिन्नीने जुनी वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, कापतो, टोकं मोजून वेढे लिहितो, तांबं तोलतो आणि तेवढंच नवं भरतो. तीस वर्षं हेच केलं, आणि खरं सांगतो, स्वतःला फार शहाणा समजत आलो.

श्रावणाच्या तोंडावर प्रकाशा गावचे दोधूआप्पा पोत्यात गुंडाळून ॲम्प्लिफायर घेऊन आले. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्वचा, पुरुषोत्तमनगरच्या कुणा वायरमनने हाताने बांधलेला. तो वायरमन कधीच वारला.

"हेमकांत, आवाज बंद व्हयी गया," आप्पा म्हणाले. "चार दिन व्हयनात, दामिनीनी माय नीट जेवनी नही."

दामिनीची माय म्हणजे त्यांची बायको, निर्मलाबाई. त्यांना विसरण्याचा आजार झालाय, नवराही ओळखू येत नाही. एकुलती लेक दामिनी शाळेत असतानाच काविळीने गेली. गॅदरिंगमधल्या तिच्या गाण्याची एक कॅसेट तेवढी उरली. रोज दुपारी आप्पा ती या ॲम्प्लिफायरवर लावायचे, त्याच्या नेहमीच्या खरखर-गुणगुणीसकट. माय मान वळवून "मन्ही दामिनी" म्हणायच्या आणि मगच घास घ्यायच्या. मोबाईलवर तेच गाणं ऐकवलं तर त्यांनी मोबाईल ढकलून दिला होता.

व्हॉल्व आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मी म्हटलं, "एवढंच ना आप्पा? दोन दिनम्हा करी दिसू." छिन्नी चालवली, वेढे मोजले, तांबं तोललं. मोटारीसारखंच. पण मोटारीला नुसतं फिरायचं असतं. इथे त्या वायरमनने व्हॉल्वकडची बारीक तार आणि स्पीकरकडची जाड तार यांचे थर एकाआड एक बसवले होते. कोणता थर किती, कुठे, ते मी पाहिलंच नाही. सगळी बारीक तार खाली आणि सगळी जाड तार वर गुंडाळून मोकळा झालो. वेढे मात्र तंतोतंत!

प्रकाशाला नेऊन लावला, तर दामिनी गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटलं. मायने मान वळवली नाही.

मग माझे डोळे उघडले, पण जुनी वाइंडिंग तोवर भंगारात गेली होती. अंदाजाने थर बसवून पुन्हा गुंडाळला. आता आवाज मोकळा झाला, पण स्पीकरकडचा थोडा सूर मागे नेऊन व्हॉल्वच्या चुका सावरणारी जी तार असते, ती जोडली की शिट्टी वाजायची आणि काढली की पोर घोगरी व्हायची. आणखी दोनदा गुंडाळला. आप्पा दर वेळी "ऱ्हाऊ दे आते" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचे. माय वाळत चालल्या होत्या. हे पाप माझं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

शेवटी सुरतेहून तयार ट्रान्सफॉर्मर मागवला. भर दुपारी आप्पांच्या ओसरीवर जोडला आणि कॅसेट लावली. ना खरखर, ना गुणगुण. दोन ओळींमध्ये पोरीने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

आप्पा घास धरून मायसमोर बसले होते. मायने मान वळवली. माझा जीव भांड्यात पडला.

गाणं संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"गोड गास," त्या म्हणाल्या. "कोनी पोर शे ही?"

आप्पांनी घास तसाच पुढे धरला. ते म्हणाले, "मन्ही शे."

"नशीबवान शेस भाऊ तू," माय त्यांना म्हणाल्या, आणि घासावरून तोंड फिरवलं.