आमच्या ह्यांचं मत

बाजारात स्फोट झाला तेव्हा आमचे हे बटणांच्या दुकानापाशी उभे होते. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा ह्यांचा धंदा. कुणाच्या तरी मशीनला पट्टा हवा म्हणून गेलेले. मांडीत काचा घुसल्या, दोन्ही कानांचे पडदे फाटले, पण जीव वाचला. "ऐकू येईल हळूहळू," डॉक्टर मला म्हणाले, "तोवर कानातले बोळे काढायचे नाहीत."

ह्यांना एक सवय आहे. समोरचा बोलायला लागला की हसून मान डोलवायची. गिऱ्हाईक खूश राहतं म्हणे. आता काहीच ऐकू येईना, तर कुणाला वाईट वाटू नये म्हणून आणखीच जोरात डोलवायला लागले.

पहिल्याच भेटीच्या वेळेला माझा दादा आणि मोठे भावजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, कॉटच्या दोन बाजूंना बसले.

"हे काम सीमेपलीकडच्यांचं," भावजी म्हणाले. "शेंबडं पोरही सांगेल."

ह्यांनी मान डोलावली.

"पलीकडचे कशाला येतायत? आपल्यातलेच आहेत," दादा म्हणाला. "निवडणूक तोंडावर आलीय, विसरलात का?"

ह्यांनी मान डोलावली.

"बघा! प्रत्यक्ष जखमी माणूस सांगतोय!" दोघं एकदमच ओरडले.

मग काय, सगळा वॉर्डच पेटला. खिडकीकडचे रुग्ण 'पलीकडचे' म्हणणारे, दाराकडचे 'आपल्यातले' म्हणणारे. ज्यांच्या कॉट चुकीच्या बाजूला होत्या, त्यांच्या नातेवाइकांनी त्या ढकलत आपापल्या पक्षात नेल्या. ह्यांच्यावर दोघांचाही हक्क, म्हणून ह्यांची कॉट मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेत. सलाइनचा स्टँड घेऊन जाणारी सिस्टर दर वेळी ह्यांच्या पायाला अडखळायची आणि हे तिच्याकडे बघून मान डोलवायचे.

एक विम्याचा एजंट होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याचं म्हणणं, स्फोट झालाच नाही.

"मग पाय कशानं मोडला?" दादानं विचारलं.

"पडलो."

"कशानं पडलात?"

"मोठा आवाज झाला म्हणून."

"आणि आवाज कसला?"

"ते मला काय माहीत? मी पडलो होतो ना!"

सगळ्यात हाल न्हाणीघरात घसरलेल्या आजोबांचे. त्यांनी तोंड उघडलं की दोन्हीकडून एकच उत्तर, "तुम्ही घसरलात. तुम्हाला मत नाही." शेवटी आजोबांनी जाहीर केलं, की आपण घसरलो ते त्या हादऱ्यानेच. झालं, लगेच दोन्ही बाजूंनी बोलावणी आली. आजोबांनी खिडकी निवडली. तिथे वारा बरा येत होता. पण त्या जागी आधी ज्याची कॉट होती, त्याच्या खांद्यातल्या काचा काढायच्या होत्या. ऑपरेशनची माणसं आली आणि आजोबांना उचलून घेऊन गेली. आजोबांनी हूं की चूं केलं नाही. आता ते स्फोटातले जखमी होते, माघार कशी घेणार? टेबलावर सर्जनबाईंनी खांदा उलटसुलट तपासला आणि मग त्यांचा जो आवाज चढला, तो आम्हाला वॉर्डात ऐकू आला. आजोबा परत आले ते मान ताठ ठेवून.

डॉक्टरांनी ह्यांच्या कानातले बोळे काढले त्या दुपारी वॉर्डात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. उजवा कान बंदच होता. डाव्यानं थोडं ऐकू यायला लागलं. भावजी आणि दादा दोघंही धावत डाव्या बाजूला आले आणि एकमेकांना ढकलायला लागले.

"सांग रे, कुणी केलं?" भावजींनी कानात विचारलं.

ह्यांनी मान डोलावली नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, त्या दोघींचं काय झालं?"

"कुठल्या दोघी?"

"माझ्या पुढे बहिणी होत्या. बटणं काळी घ्यायची की तपकिरी, यावरून जुंपली होती. नंतर धुरात थोरलीनं माझा हात धरला. घट्ट धरला होता. मग सुटला."

मी दादाकडे बघितलं, दादानं भावजींकडे. खिडकीकडच्यांना माहीत नव्हतं, दाराकडच्यांनाही नाही. एवढे दिवस आम्ही सगळे स्फोटावरच बोलत होतो आणि कोण गेलं हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. मला स्वतःची लाज वाटली.

सिस्टरच म्हणाली, "धाकटी वर आहे, बायकांच्या वॉर्डात."

मी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. वॉर्डाच्या दाराबाहेर त्या मुलीचे काका आणि मामा हातघाईवर आले होते. थोरली जागीच गेली होती. धाकटीला मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगणारच आहोत," काका म्हणाले. "पण ती विचारेल ना, कुणी मारलं म्हणून! ते आधी एकदा ठरू द्या."

"ठरलेलंच आहे," मामा म्हणाले.

"तुमच्या घरी ठरलं असेल!"

मी ह्यांच्या डाव्या कानात सगळं सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आत घे."

मुलगी उशीला टेकून बसली होती. तिचेही कान गेलेले. ह्यांना बघताच तिनं ओळखलं. ह्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नव्हतं, तिला ऐकू येत नव्हतं. त्यामुळे ते हळू सांगायचं बोलणं सबंध मजल्यानं ऐकलं.

"पोरी, तुझी ताई गेली!"

तिनं ह्यांच्या ओठांकडे बघितलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "एकटीच होती का हो?"

"नाही! मी होतो! हात धरला होता तिनं!"

ती रडली. मग हेही रडले. कुणी केलं, हे तिनं विचारलं नाही. दारातले काका आणि मामा तयारीत उभे होते, पण त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही.

पुढे चौकशी संपली आणि बातम्यांत भलत्याच कुणाचं नाव आलं. वॉर्डात ते नाव कधी कुणाच्याही तोंडी आलं नव्हतं. त्या सकाळी दादाचा फोन आला, "मी म्हणत नव्हतो?" तो ठेवतेय तोच भावजींचा, "मी काय सांगितलं होतं?"

ती मुलगी आता अधूनमधून आमच्या दुकानात येते. बहिणीचं मशीन तिनं स्वतः चालवायला घेतलंय, पण धागा सारखा तुटतो. हे तिला ताण कसा सोडायचा ते ओरडून शिकवतात, ती ओरडून शंका विचारते. "ताईच्या हातून बरा कधी तुटत नव्हता!" काल ती म्हणाली. मी चहा ठेवला आणि रस्त्याकडचा दरवाजा लोटून घेतला.