हेशनच्या आईच्या मयतीला

एकवीस वर्षं, बरं का, डर्व्हला टूही एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतेय, आणि एकवीस वर्षं विभागप्रमुख मॅलकी हेशन तिला शुक्रवारी संध्याकाळी पाचचाच तास देतोय. का, तर तो तर्कशास्त्रवाला, आणि हिचा विषय म्हणजे ते जर्मन-फ्रेंच लोकांचं, मरण, एकटेपण वगैरे. "धुकं विकता तुम्ही," असं तो हिच्या तोंडावर म्हणायचा. हीपण कमी नाही, सगळ्यांदेखत त्याला कॅल्क्युलेटर म्हणायची.

आणि आता प्रोफेसरची, म्हणजे वरच्या पदाची, जागा निघाली. डर्व्हलाचं वय बघता ही शेवटचीच संधी. मुलाखत गुरुवारी. आणि सोमवारी हेशनची आई गेली.

दफन बुधवारी, लांब मेयो परगण्यातल्या त्याच्या गावात. ऑफिसातली नोरीन कोण कुणाच्या गाडीत बसणार ते ठरवत होती.

"तू माझ्याबरोबर चल," ती डर्व्हलाला म्हणाली.

"बुधवारी मी बेल्जियमला. व्याख्यान आहे."

"कशावर?"

"शोकावर."

नोरीन बघतच राहिली. "अगं बाई, रद्द कर ते. रांगेत उभं राहायचं, हात हातात घ्यायचा, वाईट झालं म्हणायचं, हॅम सँडविच खायचं, की परत."

"त्याचं तोंड बघवत नाही मला. तिथं जाऊन कसलं ढोंग करू?"

"सगळेच करतात. खरं बोलायला कोण जातं तिथं?"

पण हिला खरं तेच बोलायचं होतं ना! हिनं हेशनला दोन पानी पत्र लिहिलं. आपलं पटत नाही, खोटं दुःख दाखवलं तर तुमच्या आईचाच अपमान होईल, म्हणून येत नाही. वर स्वतःवरच खूश. गेली, बोलली, टाळ्या घेऊन आली.

गुरुवारी समोर पाच जण, मधे हेशन. काळा टाय. काल आईला पुरलं आणि आज हजर. त्यानं हिचं मरणावरचं पुस्तक उघडलं.

"डॉक्टर टूही, मेलेल्या माणसासाठी आपण काय करू शकतो? थोडक्यात सांगा. या मंडळींना धुक्याची सवय नाही."

आता हे तर हिच्या अख्ख्या कामाचं सार. सवयीनं बोलून गेली ती, "जाऊन उभं राहणं. भावना, खरं-खोटं, ते सगळं नंतर. देहानं तिथं असणं, एवढंच."

बोलली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं.

कुणी काही लिहून घेईना. पाचांतले चौघं काल त्या गावात होते, एकाच्या बुटाला अजून चिखल होता.

"बरोबर," हेशन म्हणाला. "साडेचारशे माणसं आली होती. पत्र मात्र एकच आलं."

आणि पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं.

जागा बाहेरच्या, लिमरिक शहरातल्या कुणालातरी मिळाली. पुढच्या सोमवारी नोरीननं मान वर न करता डर्व्हलाच्या हातात नवं वेळापत्रक ठेवलं. शुक्रवार, पाच ते सहा. आणि खाली हेशनच्या अक्षरात, सहा ते सातसुद्धा.