गावांच्या नावांचे फोल्डर

धाटावच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीत तामार पेणकर कागदपत्रांची खोली सांभाळायची. ऑडिटवाल्यांनी सहा वर्षांपूर्वीच्या बॅचचा कागद मागितला तरी दोन मिनिटांत तो त्यांच्यासमोर असायचा, आणि याचा तिला अभिमान होता. म्हणूनच स्वतःच्या घरची अवस्था तिला सहन होत नसे. पेणला आईवडिलांच्या पलंगाखाली तीन सुटकेसी होत्या, कागदांनी गच्च भरलेल्या. त्यांत काय कुठे आहे हे फक्त पप्पांना, नथानियल पेणकरांना, ठाऊक. इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झालेल्या भावाला, जोसेफला, कधी जन्माचा दाखला लागे, कधी शाळेचा. तो तामारला फोन करी, तामार पप्पांना. पप्पा दाखल्याचा तिरपा फोटो पाठवत, आणि नेमका नंबर त्यांच्या अंगठ्याखाली झाकलेला असे. मग रविवारी तामारची रोह्यातल्या घरून पेणला खेप. आठवड्याची एकुलती एक सुटी अशी जाई.

गेल्या दिवाळीत पप्पांना चक्कर आली आणि ते न्हाणीघरात पडले. फारसं लागलं नाही, पण तामारने मनाशी पक्कं केलं की आता सगळं फोनवर आणायचं. मार्चचे रविवार सगळेच्या सगळे त्यात गेले. ती स्कॅन करी आणि नावं देई : आधी साल, मग विषय, मग माणूस. पप्पा शेजारी खुर्ची ओढून बसत आणि एकेक कागद हातात देत. कागद देताना त्याची गोष्ट आलीच.

"हा काढायला दोन खेपा घातल्या मी अलिबागला. पहिल्या दिवशी साहेबच नाय आला."

"पप्पा, फक्त साल सांगा."

"साल काय, वर लिहिलेलं असेल. दुसऱ्या खेपेला तू होतीस बरोबर. खिडकीपाशी बसायला रडलीस."

एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होते ते. जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्याकडे कुठल्या ना कुठल्या गाडीने येई. तामार मान खाली घालून काम करत राही. शेवटी सगळं उरकलं, तिने दोघांच्या फोनवर तेच फोल्डर ठेवले, त्यांना ते उघडायला शिकवलं, आणि हौसेने फायली हलवायलाही शिकवलं. तिथे ती चुकली.

तीन आठवड्यांनी तिने काहीतरी बघायला फोन उघडला, तर एकाही विषयाच्या फोल्डरात एकही कागद नव्हता. त्यांच्या जागी नवे होते : अलिबाग, पनवेल, माणगाव, वडखळ, भायखळा. तिने पेणला फोन लावला.

"पप्पा, कागद कुठे गेले सगळे?"

"जातील कुठे? तिथंच हायत. मी नीट लावले."

"नीटच लावले होते मी. पाच रविवार घातले त्यात."

"सालं कुणाच्या ध्यानात राहतात गो? कागद आणायला कुठे गेलो होतो, ते राहतं."

दोन संध्याकाळी खपून तिने सगळं परत जागच्या जागी नेलं. आठवडाभरात ते पुन्हा गावोगाव पांगलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती इतकी वैतागली की त्यांचा फायली हलवण्याचा अधिकारच काढून टाकावा म्हणून बोट पडद्यापर्यंत नेलं. मग वाटलं, त्यांच्या ते लक्षात येणार आणि ते एका शब्दाने विचारणार नाहीत. तिने फोन बंद केला आणि स्वतःवरच चिडून भांडी घासायला घेतली.

मेच्या शेवटी आई, रेबेका, चार दिवस तिच्याकडे रोह्याला राहायला आली. गुरुवारी सकाळी मागच्या पायरीवर पाय सरकला आणि मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की प्लेट घालावी लागेल, दुपारीच करू. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं आणि तामारला विचारलं, "दोन वर्षांपूर्वी यांच्या छातीत दुखलं होतं म्हणतात. तेव्हाचा हृदयाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे? नसेल तर आधी तो करावा लागेल. आमचे मशीनवाले आता शनिवारीच येतील."

"आहे," तामार म्हणाली. तिने तो स्वतःच्या हाताने स्कॅन केला होता.

आरोग्याचा फोल्डर रिकामा. तिने नाइलाजाने पनवेल उघडला, कारण मोठे दवाखाने सगळे पनवेललाच. त्यात चष्म्याचे दोन नंबर आणि जोसेफचा पासपोर्ट. अलिबागमध्ये घराची कागदपत्रं आणि मतदार यादी. फायलींना तिने दिलेली नावंही पप्पांनी बदलली होती, त्यामुळे शोधूनही काही हाती लागेना. डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या.

"त्यांना विचार ना," आई खाटेवरून शांतपणे म्हणाली. तो शांतपणाही तामारला सोसेना.

पप्पांनी पहिल्याच रिंगला फोन घेतला. तिने धापा टाकत सांगितलं.

"वडखळमध्ये बघ."

"पप्पा, वडखळला हृदयाची सोनोग्राफी होते का? डॉक्टर समोर उभ्या आहेत."

"बघ तर आधी."

रिपोर्ट वडखळमध्येच होता. त्यामागे गोळ्यांची यादी, घरी सोडल्याचा कागद, आणि सखा नावाच्या रिक्षावाल्याचा फोन नंबर, एका बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलेला. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाल्या, "चालेल. घेऊ आपण आत."

दुपारी आईला आत नेलं तेवढ्यात पप्पा पेणहून येऊन पोचले. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. तामारचा राग उतरला नव्हता.

"रिपोर्टावर पत्ता अलिबागचा आहे. मग वडखळ कशाला?"

"आम्ही माणगावला होतो, तिथून निघालो होतो पनवेलला. वडखळला सगळं जाम. गाडी तासभर जागची हलेना आणि हिला घाम फुटला. मग उतरलो. तो सखा म्हणाला, पनवेलचा नाद सोडा, अलिबागचा रस्ता मोकळा हाय. त्याने नेलं. वडखळला उतरलो नसतो तर काय झालं असतं ते माहीत नाय. म्हणून वडखळ."

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तामार ऑडिटमध्ये होती, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी पप्पांनी एवढंच कळवलं होतं की दाखवून आणलं, सगळं ठीक आहे.

"तुम्ही आज फोन उचलला नसता तर?" ती म्हणाली. "तुम्हाला चक्कर येते, पप्पा. उद्या तुम्ही नसाल घरी, तर मी वडखळ कुठून आणू?"

"म्हणून तर सांगत होतो ना, कागद हातात देताना. तू म्हणालीस, साल सांगा."

ती उठली आणि दोन चहा घेऊन आली.

आईचं मनगट व्यवस्थित जुळलं. तामारचे रविवार मात्र पुन्हा गेले. फोल्डर तिचे राहिले, पण प्रत्येक फायलीच्या नावात शेवटी गाव घालायचं, आणि कुठलाही कागद पप्पांनी तिला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, असं ठरलं. नावं इतकी लांब झाली की फोनवर पुरती दिसेनात. पप्पा एकेका कागदाच्या गोष्टीत माणगावला गाडी बदलायचे, इंदापूरला जेवायचे, आणि तामार दातओठ खात, पण सगळं ऐकत टाइप करायची.

तिसऱ्या रविवारी एक निळसर कागद निघाला, कुठल्याशा नोंदणीची पोच. शिक्क्यातलं साल तेवढं दिसे, गाव पुसट. पप्पांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तामार बोटं टेकवून थांबली होती. आतून आईने हाक मारून विचारलं, काय शोधताय, तरी ते शिक्काच निरखत राहिले.

"नाय आठवत गो," ते शेवटी म्हणाले. "घाल तुझ्या सालात."

तिने साल टाइप केलं. गावाची जागा रिकामी सोडली आणि पुढच्या कागदासाठी हात पुढे केला.