रेडिएटरवरचा निळा डबा

बिस्किटांच्या आशेने पुष्कळांनी माझं झाकण उघडलं, मित्रांनो, आणि हाती लागल्या सुया नि बटणं. मी पत्र्याचा एक निळा, म्हातारा डबा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात आर्डिस होवलँड या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मी चाळीस वर्षं काढली आहेत.

तिकडची थंडी हाडं गोठवणारी. सुया बोटांना गार लागू नयेत म्हणून आर्डिस मला खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवत. त्या मानाच्या जागेचा मला अभिमान होता.

पती गेल्यावर त्यांनी इंटरनेटवर गोधड्या विकायचं ठरवलं. उन्हाळाभर तयारी चालली. विक्रीचा वर्ग, जाहिराती, कापडवाल्यांकडे गाडीने खेपा. पैसे रोख देत आणि पावती माझ्यात, बटणांखाली सरकवत. ऑक्टोबरात दुकान उघडलं. नाताळापर्यंत गोधड्या भराभर खपल्या.

फेब्रुवारीत त्यांनी कराचा अंदाज काढला. तेवढा कर भरायला शिवणयंत्र विकावं लागणार होतं. यंत्र गेलं की दुकानही गेलं.

गावच्या वाचनालयात व्हर्लिन नावाचे आजोबा फुकट करपत्रकं भरून देत. रांगेत बसल्या बसल्या टाके घालावेत म्हणून आर्डिसनी मला बरोबर नेलं.

"दुकान उघडण्याआधी काही खर्च केलास?" व्हर्लिननी विचारलं.

"तो कसा धरायचा? तेव्हा दुकान होतंच कुठे?"

"अगं, दुकानासाठीच केलास ना? मग तोही मिळकतीतून वजा होतो. काही यंदा, उरलेला पुढे थोडा थोडा. पावत्या आहेत?"

आर्डिसनी माझं झाकण काढलं. साध्या कागदावरच्या पावत्या शाबूत होत्या. पण दुकानांतल्या यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदावर अक्षरं शाईने नाही, उष्णतेने उमटतात. माझ्या पोटातल्या उबेने तो कागद सगळाच काळा पडला होता. निम्मा उन्हाळा वाचता येत नव्हता.

व्हर्लिननी विचारलं, आकडे आठवतात का. शेजारच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, अंदाजे लिहा, कोण बघतंय.

"माझा नवरा मासा हातभर म्हणायचा, निघायचा वीतभर," आर्डिस म्हणाल्या. "मला तसं करायचं नाही. दिसतंय तेवढंच लिहा."

कर कमी झाला, पण पुरेसा नाही. यंत्र वाचलं. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची नवऱ्याची खोपटी मात्र उरलेल्या करापायी विकली गेली. गाडीमागे बांधून ती नेली, तेव्हा आर्डिस खिडकीशी उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता.

मित्रांनो, जपून ठेवलेली वस्तूही अधूनमधून उघडून पाहत जा. कागदाची नक्कल त्याच दिवशी काढा. मी आता थंड कपाटात असतो. आर्डिस एकेक सुई मुठीत धरून ऊब देतात, आणि मगच टाका घालतात.