दुमडीतल्या चकत्या

पडदा सरळ लोंबावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चपट्या चकत्या शिवतात. ठकीची आई कारखान्यात तेच काम करायची. मोठ्या लोकांचे पडदे वाऱ्याने फडफडू नयेत, म्हणून ही बाई दिवसभर मान मोडून बसायची. त्यातल्या मूठभर चकत्या तिने उचलल्या आणि लेकीच्या फ्रॉकच्या दुमडीत शिवल्या. कुणाला चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

ठकीला रक्ताचा कॅन्सर होता. मागच्या खेपेला इस्पितळाने तिला इंजेक्शन न देताच परत धाडलं. "वजन फार घटलंय, हे औषध तिला सोसायचं नाही. दूध, अंडी, फळं द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भिंतीवर फळांच्या टोपलीचं चित्रही होतं. पोरीला इथे आणायचं तर कामाचा खाडा, खाडा झाला की मजुरी बुडणार, मग चुलीवर काय चढवायचं, ते त्या चित्रात नव्हतं. औषध थांबलं, आजार थोडाच थांबणार होता!

आज ठकी काट्यावर उभी राहिली आणि आकडा वर गेलेला बघून आईचा जीव भांड्यात पडला.

"अरे वा, अंग धरलं की हिने," सिस्टर म्हणाली आणि कौतुकाने तिला उचलून खाली ठेवू लागली. तेवढ्यात फ्रॉकची किनार खाटेच्या लोखंडी दांड्यावर खणकन आपटली.

सिस्टरने किनार चाचपली, कात्री घेतली, टाके उसवले. चकत्या टपाटप फरशीवर पडल्या.

"अहो, हे काय केलंत? वजन बघूनच औषध मोजतो आम्ही. जास्त गेलं असतं तर पोर हातची गेली असती."

आईच्या पायाखालची जमीन सरकली. वजन कमी भरलं की परत धाडतात, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं कुणी सांगितलंच नव्हतं. ती भिंतीला टेकली. मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरीणबाई आल्या. ठकीला पुन्हा काट्यावर चढवलं. मागच्या खेपेपेक्षाही कमी.

"आज नाही देता येणार. आधी हिला नीट खाऊ घाला."

"काय घालू?" आईने चकत्या गोळा करून टेबलावर ओतल्या. "ह्या घालू?"

"भरती असती तर जेवण मिळालं असतं. येऊन-जाऊन औषध घेणाऱ्यांना द्यायचा नियम नाही."

"एवढी महागाची औषधं फुकट देता, आणि घासभर भात देताना हात आखडतो तुमचा? पोरीला उपाशी ठेवायचं, मग अशक्त म्हणून परत धाडायचं. हे असलं बरं करणं तुमचं?"

आई काट्यासमोर फतकल मारून बसली.

"बाई, उठा. रांग खोळंबलीय," सिस्टर म्हणाली.

"खोळंबू दे."

रांगेत कडेवर पोरं घेतलेल्या आया उभ्या होत्या. त्यांतली एकही तिला ऊठ म्हणाली नाही.

शेवटी सिस्टरने आपला डबा आणून ठकीपुढे ठेवला. भात होता, उकडलेलं अंडं होतं. ठकीने अंड्याचे दोन भाग केले, एक खाल्ला आणि दुसरा रुमालात गुंडाळू लागली.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"धाकटीला," ठकी म्हणाली. "तू देतेस त्यातलंही मी ठेवते. ती रडते ना."

आई स्वतःच्या पोटाला चिमटा काढून ठकीला जे देत होती, त्यातलं अर्धं कुठे जात होतं ते आज कळलं. रागवायचं तरी कुणावर? धाकटीचं पोट काही खोटं नव्हतं.

तिने रुमाल हिसकावून घेतला, ते अर्धं अंडं ठकीच्या तोंडात कोंबलं आणि गिळेपर्यंत तिची हनुवटी धरून ठेवली. ठकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"खा मुकाट्याने," आई म्हणाली. "धाकटीला मी सांगते, आज काही मिळालं नाही म्हणून."