दोनतारी तेल

औंढ्यात अमृतराव कंपाउंडरांची गाडी कुणाला ठाऊक नव्हती? कासवासारखी कुबडी, आणि इंजिन मागं. एका म्हाताऱ्यानं ती उलटी चालते असं ठरवून टाकलं होतं. तो मरेपर्यंत तिच्या मागच्या काचेकडं बघून हात करायचा. पंपावरच्या माणसानं पाणी ओतायला पुढचं झाकण उघडलं, तर आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. पाणी लागतच नव्हतं त्या गाडीला. वारा आणि तेल, एवढ्यावर ती थंड राहायची. म्हणून तेल चुकलं की इंजिन भाजलंच समजा.

आणि तेल ठरवायची पद्माबाई, अमृतरावांची बायको. मेकॅनिक बाबूसिंग वाट्यांमध्ये तेल काढून द्यायचा. ती अंगठा आणि बोटात चोळायची, मग बोटं हळूच फाकवायची, लाडवाचा पाक बघतात तशी. "एकतारी. थंडीपुरतं चालंल." उन्हाळ्याला दोनतारी, म्हणजे चाळीस नंबर. बावीस वर्षांत ती बोटं एकदाही चुकली नव्हती. कंपनीवाले डब्यावर नंबर छापायच्या आधी काकूला विचारून जातात, असं बाबूसिंग गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायचा.

दोन हजार चारच्या जानेवारीत लकव्यानं पद्माबाईचं उजवं अंग गेलं. मार्चपर्यंत बोटं हलू लागली. "समदं बराबर कळतं आता," ती म्हणायची. पण उकळत्या चहाचा कप ती त्याच हातात निवांत धरून बसायची, आणि अमृतराव तो अलगद काढून घ्यायचे.

एप्रिलात कुरुंद्याला, करुणाकडं, लेकीच्या घरी जायचं ठरलं. जुनं तेल काढलं. बाबूसिंगनं तीन वाट्या बाजेवर मांडल्या. डावा हात पुढं करायचं तिच्या मनातही आलं नाही. उजव्याच बोटांनी तिन्ही चोळून तिनं मधली वाटी सरकवली.

"हे. दोनतारी."

ते तीस नंबर होतं. बाबूसिंगनं अमृतरावांना अंगणात ओढलं. "काका, हे तर थंडीतलं! या उन्हात पाण्यावाणी पातळ होईल. चाळीस टाकतो, काकूला काय समजतं?"

"तिला न्हाई समजणार," अमृतराव म्हणाले, "पण मला समजंल ना. तीसच टाक."

"इंजिन जाईल."

"जाऊ दे."

निघायच्या आधी त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी कापून, तेलाचा दाब पडला की पेटणाऱ्या लाल दिव्यावर डकवली. पद्माबाईनं विचारलं, "हे काहून?"

"काच तडकली."

गाडी हळूहळू निघाली. कुरुंद्याच्या अलीकडं हळदीच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू व्हायचं नाही, या भीतीनं अमृतरावांनी ते तसंच धडधडत ठेवलं. मागून टकटक सुरू झाली, वाढतच गेली.

"कशाचा आवाज येऊन राहिला?"

"रस्ता खराब हाय."

पद्माबाईनं बाहेर पाहिलं. "अवो, गाडी उभी हाय."

अमृतरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. तिनं डाव्या हातानं चिकटपट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. खाली लाल दिवा पेटलेला होता.

तेवढ्यात मागं काहीतरी कडकन वाजलं आणि टकटक थांबली. बैलांच्या घुंगरांखेरीज काही ऐकू येईना.

"बाबूसिंगनं सांगितलं होतं?"

"व्हय."

"तरी टाकलं?"

"तू सांगितलं होतं."

तिनं उजव्या हाताकडं पाहिलं. मग तेल चोळल्यावर पुसायची तशी तिनं ती बोटं, कोरडीच, पदराला पुसली. एकेक करून.

"पुढच्या बारीला तुमी बघत जा," ती म्हणाली. "मी शिकवते."

पुढची बारी कुठली? इंजिन जाम झालं होतं. पण अमृतरावांनी अंगठा आणि बोट जुळवून तिच्यापुढं धरलं.

"असं?"

"हळू," ती म्हणाली. "तार तुटू द्यायची न्हाई."