सातवांच्या पाळण्यातलं नाव

अंजनगाव सुर्जीच्या एका सुतारानं सागवान तासून मला घडवलं, त्याला आता सत्तर वर्षं होत आली. मित्रांनो, मी पाळणा आहे. चार कोपऱ्यांना चार लाकडी राघू, मध्ये सुताची घट्ट वीण आणि टांगायला पितळी कड्या. आज अकोल्यातल्या एका घराच्या गॅलरीत माझ्यावर ओले टॉवेल वाळत असतात. पण मी भातकुलीजवळच्या गावात सातवांच्या घरी प्रथम आलो, तेव्हा शेजारच्या बाया मला हात लावून पाहायला यायच्या.

मला आणलं सातवांच्या सुनेच्या, मैनाबाईंच्या वडिलांनी. त्यांचं आडनाव झाडे. मैनाबाईंना भाऊ नव्हता, चुलतभाऊही नव्हता. सातवांच्या घरात एक रीत होती. सून जर तिच्या माहेरची शेवटची लेक असेल, तर त्या माहेरचं आडनाव तिच्या पहिल्या लेकराला नाव म्हणून द्यायचं. तिकडच्या अंगणात कुणी उरलं नाही, तरी इकडच्या अंगणात ते नाव घेऊन कुणीतरी हाक मारावी, एवढीच त्यामागची माया. म्हणून माझ्यात निजलेल्या पहिल्या बाळाचं नाव 'झाडे' ठेवलं. झाडे नारायण सातव.

शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, "नाव सांग रे."

"झाडे."

"आडनाव नाही, नाव!"

"झाडेच हाये, गुरुजी. आडनाव सातव."

"दोन दोन आडनावं घेऊन आला, अन् नाव घरीच इसरला काय बे?"

सगळा वर्ग हसला. हा किस्सा झाडेराव पुढे जन्मभर सांगत आणि स्वतःच सगळ्यांत आधी हसत. बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात हाच घोळ व्हायचा. त्यांना त्याचा कधी राग आला नाही. "माह्या आजोबाचं घर मी खिशात घेऊन फिरतो," असं ते म्हणायचे.

झाडेराव फुलांची शेती करत. शेवंती, झेंडू, निशिगंध. पहाटे फुलं अमरावतीच्या बाजारात जात आणि संध्याकाळी झाडेराव टाळ घेऊन कीर्तनात उभे राहत. देवाच्या दयेनं सगळं होतं, फक्त लेकरू नव्हतं. चाळिशीला आल्यावर मुलगी झाली, जयवंता. मग काय विचारता! कीर्तनातून आले की हातपाय धुऊन ते माझी दोरी धरत आणि कीर्तनाच्या ठेक्यावर तिला झोके देत. बाळ झोपलं तरी ठेका थांबायचा नाही. मित्रांनो, लाकडाला कान असतात की नाही ते मला ठाऊक नाही, पण नामस्मरण माझ्या अंगात मुरलं ते त्या दिवसांत.

जयवंतेच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही. म्हणजे आता सातवांचीच ती शेवटची लेक.

तिचं लग्न अकोल्याच्या मनोज उमाळेशी ठरलं. मनोज वकील, माणूस सालस. बैठकीत झाडेराव म्हणाले, "मले दुसरं काई नको जी. पयलं लेकरू, पोरगा असो का पोरगी, त्याचं नाव सातव ठेवा."

मनोजची आई आशाबाई म्हणाल्या, "ठेवू ना जी. त्यात काय एवढं!"

कीर्तनकार उद्धवबुवा तिथंच होते. मनोजनं त्यांच्या वीणेला हात लावून 'हो' म्हटलं. दाराआडून जयवंताही "हो, बाबा" म्हणाली. झाडेरावांचे डोळे भरून आले. ते आत आले आणि इतकी वर्षं कांद्यांखाली पडलेल्या मला स्वतःच्या हातांनी पुसून काढलं.

दोन वर्षांनी मी टेम्पोत बसून अकोल्याला गेलो. बारशाच्या दिवशी दुपारी जयवंता माझ्याशेजारी बाळाला घेऊन बसली होती. तिची नणंद रश्मी फुगे बांधत होती.

"वहिनी, खरंच सातव ठेवायचं का व? सातव उमाळे? रोल नंबरसारखं वाटते."

मला वाटलं, जयवंता आता तिला चांगलंच सुनावेल. पण ती खाली मान घालून म्हणाली, "मलेही ठेवावं नाही वाटत. बाबाच्या नावाले लोकं हसत, अन् ते स्वतः हसत. मी बाजूले उभी राहून लाजेनं मरत होती. माह्या लेकराले असं नको."

"मग सांगून टाक त्याहिले."

"त्याहिच्या तोंडाकडे पाहून नाही होत. तू असं कर. कानात ईशान सांग. मोठ्यानं सातव म्हण. कानातलंच नाव खरं धरतात ना?"

मित्रांनो, ज्या लेकीला मी माझ्या कुशीत वाढवलं, तिच्या तोंडून मी हे ऐकलं. माझ्या कड्या कुरकुरल्या. कुणाचं लक्ष गेलं नाही.

रश्मी वाकली. बाळाच्या कानात तिनं सांगितलं, "ईशान." मग ताठ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "सातव!" बायांनी घुगऱ्या वाटल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या झाडेरावांनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं. त्या घरात एक मीच असा होतो, ज्याला दोन्ही नावं ऐकू आली आणि एकही बोलता येत नव्हतं.

मनोजला आणि आशाबाईंना जयवंतेनं त्याच रात्री खरं सांगितलं. पुढचं दीड वर्ष घरात ईशान होता. फोन वाजला की तो सातव व्हायचा. झाडेराव भेटायला आले की आशाबाई आठवणीनं "सातव, आबा आले पाय" म्हणायच्या. मनोजला हे आवडत नव्हतं. दोनदा तो म्हणाला, "सांगून टाकू ना आता." जयवंता म्हणायची, "पुढच्या वेळी."

तेवढ्यात गावच्या सप्ताहाचं बोलावणं आलं. पाचव्या दिवशी दुपारी कृष्णजन्माचं कीर्तन होतं. झाडेरावांनी कळवलं, की पाळणा आपल्याच घरचा हवा आणि बाळकृष्ण म्हणून नातू हवा. गाडीच्या टपावर बांधून मला नेलं. मंडपात झेंडूच्या माळांनी मला असं सजवलं, की चारही राघू दिसेनात. सप्ताहाचा तो थाट काय वर्णावा! वीस टाळकरी, मृदंगाची थाप, उद्धवबुवांचा पहाडी गळा. देव जन्माला येण्याआधीच लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बुवांनी दृष्टांताला आपल्या झाडेरावांनाच घेतलं. म्हणाले, "वंश कशानं राहते, माउली? नुसत्या रक्तानं? आमच्या झाडेरावाले विचारा. आजोळ त्याहिच्या नावात हाये. अन् त्याहिचा नातू हा पाहा, सातव! ये रे बाबा, आबाजवळ ये."

ईशान मोरपीस लावून टाळाशी खेळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सातव," झाडेरावांनी हात पसरले. "ये बाप्पा, ये."

मागून एक म्हातारी म्हणाली, "लाजते थो. एवढी माणसं पाहून घाबरलं लेकरू."

लेकरू घाबरलं नव्हतं. टाळ टाकून ते तुरुतुरु समईकडे निघालं. पाचही वाती पेटलेल्या, आणि त्याच्या अंगावर जरीचा शेला लोंबत होता.

"सातव! अरे सातव, थांब!" झाडेराव ओरडले. पोर चालतच राहिलं. हात ज्योतीपासून वीतभर उरला.

"ईशान!"

जयवंता बायकांमधून उठून ओरडली होती. पोर जागच्या जागी थांबलं, वळलं आणि हसत आईकडे धावलं.

मृदंग थांबला. मंडपभर माना जयवंतेकडे वळल्या. उद्धवबुवा जाणते. त्यांनी लगेच नामाचा गजर उचलला आणि सगळे टाळ पुन्हा वाजू लागले. झाडेरावांच्या हातातला टाळ मात्र तसाच राहिला.

कीर्तन संपल्यावर माणसं पांगली. जयवंता माझा कठडा धरून उभी होती.

"बाबा, मीच म्हटलं होतं. यांच्या घरच्यांचा काही दोष नाही."

"कधीपासून?"

"बारशापासून."

"म्हंजे मी फोनवर दीड वर्स कोनासंगं बोलून राहिलो होतो, बाई?"

ती रडू लागली. मनोज पुढे आला. "आबा, अजून बदलता येते. मी उद्याच अर्ज करतो."

"नाई जी. पोरगं त्या नावानं थांबलं, म्हनून वाचलं. आता थेच त्याचं नाव." झाडेराव जयवंतेकडे वळले. "ईशान चांगलं नाव हाये. तू म्हनली असती, बाबा, मले लाज वाटते, तर मीच नको म्हनलं असतं. बुवाले दृष्टांताले दुसरं काई कमी हाये काय? पन तू मले हो म्हनली, अन् मंग कानात दुसरं सांगतलं."

"पाळणा ठेवून घ्या, बाबा."

"कायले? लेकरू निजते त्याच्यात. घेऊन जाय."

असा मी परत अकोल्याला आलो.

जयवंता आता रोज संध्याकाळी गॅलरीत येते, माझ्या कठड्याला टेकते आणि वडिलांना फोन लावते. झाडेराव फोन घेतात, न चुकता. शेवंतीचा भाव सांगतात, बुवांची तब्येत सांगतात. मग विचारतात, "पोरगं कसं हाये?" ती म्हणते, "ईशान मजेत हाये, बाबा. घ्या, बोला त्याच्याशी." ते बोलतात, हसवतात, त्याला देवाचं नाव घ्यायला शिकवतात. पण त्याचं नाव ते घेत नाहीत. सातवही नाही आणि ईशानही नाही. पोरगं, एवढंच. फोन ठेवल्यावर जयवंता माझ्यावरचे वाळलेले टॉवेल काढून घड्या घालत बसते.

मित्रांनो, माझी वीण सैल झाली, एक कडी निसटली. त्याचं मला काही वाटत नाही, लाकूडच ते. तुमच्या घरातली एखादी रीत तुम्हाला नकोशी झाली, तर जो ती जपतो आहे त्याच्यासमोर बसा आणि तोंडावर सांगा. तो रागावेल, रडेल, पण तुमचाच राहील. आणि आज घरी गेलात, की आजीला तिच्या माहेरचं आडनाव विचारा. ती सांगेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.